पाहुण्यांसमोर घेतलेला सर्व्हे

मास्तरणीला शिकवण्यापेक्षा मोजायलाच जास्त लावतात. माणसं मोजा, गुरं मोजा, मतदार मोजा, संडास मोजा. पिंपळगाव राजा या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, सरकारला गावातलं काहीही जाणून घ्यायचं झालं की फॉर्मांचा गठ्ठा आमच्या शाळेत येऊन पडायचा आणि पोरांना "पाढे म्हणत बसा" सांगून आम्ही उन्हात निघायचो. कुरकुर मी सगळ्यांत जास्त करायची, पण काम चोख. माझ्या फॉर्मवर खाडाखोड नसायची. माझे वडील मेहकरला कचेरीत कारकून होते. त्यांचं अक्षर आणि त्यांचा ताठा, दोन्ही मी माहेराहून घेऊन आले होते.

मी सांगतेय ती गोष्ट अशाच एका सर्व्हेची. सरकारला त्या वेळी गरीब कोण ते ठरवायचं होतं.

ती वर्षं मंदीची होती. खामगावच्या बाजारात कापसाचा धंदा बसला होता, जिनिंगमध्ये वर्षातून दोन-तीन महिनेच काम निघायचं, आणि मग एकेक जिनिंगला कुलूप लागत गेलं. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर होतं ते भाऊ अशाच एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या कामावर होते. पहाटेच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी भुवयांपर्यंत कापूस घेऊन परत यायचे. जिनिंग बंद पडली आणि ते घरी बसले. शेती नव्हती. वहिनी लोकांच्या शेतात निंदणं-वेचणीला जायच्या. घर मातीचं, वर पत्रे. पदरी एकच पोरगी, दहावी झालेली, लग्नाची. गावात कोणी विचारलं तर भाऊ सांगायचे, "सुट्टी हाय सध्या." ही सुट्टी दीड वर्ष चालली होती.

सर्व्हेत तेरा प्रश्न होते. जमीन किती, घर कसं, अंगावर घालायला कपडे किती, दोन वेळचं जेवण वर्षभर मिळतं का, घरात पंखा आहे का, टीव्ही आहे का, कुकर आहे का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. जितके गुण कमी तितकं घर गरीब, आणि तेवढा यादीत नंबर वर. आम्हा मास्तरांना त्याची भारी गंमत वाटली होती. जन्मभर कमी गुणवाल्याला नापास केलं आणि इथं तोच पहिला! स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांचे गुण काढून हसलो होतो. तो गठ्ठा किती वर्षं लोकांच्या डोक्यावर बसणार आहे याची कल्पना आमच्यापैकी एकालाही नव्हती.

आमच्या गल्लीतली सगळी घरं मी आठवड्यात उरकली. भाऊंचं तेवढं मागे ठेवलं, कारण आपलंच घर, केव्हाही होईल. सोमवारी फॉर्म केंद्रावर जमा करायचे होते. शनिवारी संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी मोताळ्याकडचे पाहुणे पोरगी पाहायला येणार होते. मुलगा पंपावर नोकरीला होता, घर बरं होतं, स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"मॅडम, तुमचा टेबलफॅन भेटन का उद्याच्या दिवस? अन् कुकर?"

"पंखा समजला. कुकर कशाला? पाहुण्यांना पोहेच देणार ना?"

"शिट्टी आयकू गेली पाह्यजे ना मॅडम बाहीर," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मी पंखा दिला, कुकर दिला, कपबशा दिल्या. समोरच्या शिंप्याकडून टीव्ही आला, कोणाकडून खुर्च्या आल्या, कोणाकडून पलंगावरची चादर. यात वावगं काही नव्हतं. पाहुणे यायचे म्हटले की आमच्या गल्लीत हेच चालायचं. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. आमच्याकडची पुतणी पाहायला आले तेव्हा मीसुद्धा पितळी समया मागून आणल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि गल्लीतल्या सगळ्या मुठी एकमेकींना ठाऊक होत्या.

पाहुणे अकराला येऊन एकपर्यंत जाणार होते. मी तीनला फॉर्म घेऊन निघाले. दाराशी चपला दिसल्या, पण म्हटलं शेजारपाजारचे असतील. आत पाऊल टाकलं तर बैठक भरलेली. एसटी उशिरा आली होती म्हणून पाहुणेही उशिरा आले होते. मुलाचा बाप, मामा, दोन बाया, आणि सोयरीक जमवणारा आमच्याच गावचा पंचायतीतला मेंबर. माझा पंखा कोपऱ्यात मान हलवत होता. भाऊ नव्या सदऱ्यात ताठ बसले होते. माझ्या हातातले कागद पाहून मामांनी विचारलं, "काय सर्वे हाय मॅडम?"

"घराघराची माहिती आहे. सरकारी काम. नंतर येते मी."

हे मी खरंच म्हणाले. उंबऱ्याकडे वळलेसुद्धा. पण मामा गंमत्या माणूस होता. "घ्या ना मंग आत्ताच. आम्हालेही समजन पाहुण्याच्या घरी काय काय हाय तं!" सगळे हसले. मेंबरही हसला. भाऊही हसले आणि म्हणाले, "घ्या मॅडम. लपवासारखं काय हाय आपल्या घरी?"

मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. घरी काम आहे, तब्येत बरी नाही, काहीही सांगता आलं असतं. पण मला वाटलं, मी अशी घाईनं गेले तर पाहुण्यांना संशय येईल. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी फॉर्म जमा करायचे होते आणि हा एकच राहिला होता. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं मला झालं होतं. मी खुर्चीवर बसले आणि टोपण काढलं.

"दोन वेळचं जेवण?"

"वर्षभर. पोटभर."

"अंगावरचे कपडे?"

"भरपूर हायेत."

"पंखा?" मी माझ्याच पंख्याकडे पाहत विचारलं.

"हा काय समोर."

"टीव्ही? कुकर?" तेवढ्यात आतून शिट्टी झाली आणि मामा म्हणाले, "कुकरचं तं तोच सांगून राह्यला." पुन्हा हशा. शेवटचा प्रश्न होता, सरकारकडून कोणती मदत पाहिजे? भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दीड वर्ष घरी बसलेला माणूस. "देवाच्या दयेनं कायचीच गरज नाही," ते म्हणाले.

मी सगळं लिहिलं. पेनानं, सुवाच्य अक्षरात. त्यांची सही घेतली. बाहेर पडले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, की पाहुण्यांसमोर आपण शेजाऱ्याची अब्रू राखली. पिशवीत एक कोरा फॉर्म होता. रात्री बसून खरं लिहू आणि सकाळी भाऊंची सही घेऊ असं ठरवलं होतं. मग स्वयंपाक झाला, सासूबाईंचे पाय चेपून झाले, डोळे मिटायला लागले, आणि मी मनाशी म्हटलं, असल्या सर्व्हेला कोण विचारतं? आजवर मी इतकं मोजलं त्यातून कोणाचं काय भलं झालं? सकाळी गठ्ठा बांधला आणि जमा करून टाकला.

सोयरीक जमली. लग्नाची तारीख निघाली. आणि काही महिन्यांनी यादीही लागली, पंचायतीच्या भिंतीवर. भाऊंचं नाव थोडक्या गुणांनी दारिद्र्यरेषेच्या वर गेलं होतं, म्हणजे गरिबांतून बाद. ते थोडके गुण कोणत्या वस्तूंचे ते मला यादी न पाहताही सांगता आलं असतं.

भाऊ शाळा सुटायच्या वेळी आले. व्हरांड्यात उभे राहिले, आत येईनात.

"मॅडम, ग्रामसभेत हरकती घेऊन राह्यले. तुम्ही तिथं एवढंच म्हना, का लिहिताना माही चूक झाली. बाकी काही सांगू नका. मंग ते फॉर्म दुसरा भरतीन."

"चूक? माझी कुठं चूक झाली? तुम्हीच सांगा ना सभेत, वस्तू उसन्या होत्या म्हणून."

"तो मेंबर तिथंच बसते मॅडम. पोरीचं लगन तोंडावर हाय. तिकडं समजलं तं... तुम्ही म्हनलं तं कोनी काही इचारनार नाही. मॅडमची चूक झाली, झालं."

त्यांचं म्हणणं साधं होतं. खोटं ते बोलले होते, पण ते त्यांनी बोलायचं नव्हतं; चूक मी माझ्यावर घ्यायची आणि कोणाचंच काही बिघडायचं नाही. पण शेजारच्या गावच्या एका गुरुजींना त्याच सर्व्हेत चुकीच्या नोंदीसाठी कारणे दाखवा नोटीस आली होती. माझी वेतनवाढ जवळ आली होती. ही झाली भीती. त्याहून मोठं कारण मला सांगायला लाज वाटते. माझी चूक झाली, हे चार माणसांत म्हणणं मला जमणारच नव्हतं. ज्या गावात मी पोरांच्या वह्या लाल करते त्या गावात उभं राहून मी म्हणू, की मला साधा फॉर्म भरता आला नाही?

मी तडकले. "तुम्ही बोललात ते मी लिहिलं, भाऊ. सही तुमची आहे. खोटं तुम्ही बोलायचं आणि चूक मी कबूल करायची?"

भाऊंनी मान हलवली. "बराबर हाय मॅडम," म्हणाले आणि गेले.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं यादी वाचली आणि विचारलं, कोणाची हरकत? भाऊ मागच्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. हरकत कोणी घेतली नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. ही यादी मात्र उठायचं नावच घेईना. तिच्यावर पुढची किती वर्षं गेली ते मोजायलाही मला धीर होत नाही. घरकुल तिच्यावरून, संडासाचं अनुदान तिच्यावरून, कोणती तरी शिष्यवृत्ती, कोणता तरी विमा, सगळं त्या यादीवरून. मंदीत बुडालेल्या माणसांना हात द्यायला ती केली होती आणि तिनं तो दिलाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या गल्लीतली एकेक मातीची भिंत पडली आणि विटांची उभी राहिली. सालदारकी करणाऱ्याच्या पोराला शिकता आलं. ज्या घरांना मी कुरकुरत शून्य-शून्य दिले होते ती घरं वर आली. भाऊंचं घर मधोमध तसंच राहिलं. पावसाळ्यात मागची भिंत फुगायची, भाऊ तिला लाकडाचा टेकू द्यायचे. मी गच्चीवरून पाहायची आणि खाली उतरायची.

भाऊ नंतर खामगावला हमालीला जायला लागले. जिनिंगमधल्या धुळीनं छाती आधीच गेली होती, त्यात पोती. वहिनी वेचणीला जायच्या त्या जातच राहिल्या. पुढं आमच्या भागात केशरी कार्डावरही स्वस्त धान्य सुरू झालं, पण ते शेतकऱ्यांना, त्याला सातबारा लागायचा. ह्यांच्या नावावर ओसरीखालची जागासुद्धा धड नव्हती. प्रत्येक नव्या योजनेला भाऊ कागद घेऊन पंचायतीत जायचे आणि ते लोक जुनी यादी काढून दाखवायचे. माझ्याकडे पुन्हा कधी आले नाहीत.

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण हिवाळ्यात वांग्याचं भरीत झालं की पहिली वाटी आमच्याकडे यायची. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तिरडी बांधायला भाऊच होते. पोर माहेरी आली की आधी माझ्या पाया पडायची. तिच्या सासरी सगळं नीट चाललं होतं. "मॅडम, तुमच्यासारखे शेजारी कोनाले भेटतेत?" असं ती एकदा म्हणाली. मी तिला साखर देऊन वाटेला लावलं.

कोरोनाची टाळेबंदी आली तेव्हा मी निवृत्त झाले होते. सगळं बंद, हमाली बंद. रेशन दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते. यादीतल्या कार्डवाल्यांना फुकट तांदूळ सुरू झाले. भाऊ पिशवी घेऊन गेले, गोलात उभे राहिले आणि नंबर आल्यावर तशीच पिशवी घडी करून परत आले. मी ओट्यावर उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "मशीनवर नाव येऊन नाही राह्यलं, मॅडम." जणू बिघाड मशीनचा होता.

मी डबाभर गहू पाठवले. दोन दिवसांनी डबा परत आला तो भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरून. भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही रीत त्यांनी त्याही दिवसांत मोडली नाही. मी पुन्हा दिले, पुन्हा काहीतरी आलं. देण्यानं माझं ओझं हलकं होईना, उलट परतफेड करताना त्यांच्याच घरातलं कमी होत होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊ गेले. उपासमारीनं गेले असं मी म्हणणार नाही, दमा होता. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओल असलेल्या खोलीत निजू नका, आणि त्यांच्या घरात ओल नसलेली खोली नव्हती.

मी तेव्हापासून स्वतःशी घोकत होते की एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. गेल्या वर्षी ती वेळ आली. घरकुलासाठी नवीन सर्व्हे झाला, मोबाईलवरचा; पोरं येऊन घराचे फोटो काढून गेली. झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत यादी वाचणार होते. वहिनींना मोबाईलमधलं कळत नाही म्हणून जावई मोटारसायकलवर सकाळीच आला होता, कागद सांभाळायला. सासूशेजारी सतरंजीवर बसला होता. मी त्याला पाहिलं. पाहूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण डोक्यात फक्त माझं भाषण होतं.

ग्रामसेवक यादी वाचायला लागायच्या आधीच मी उभी राहिले. वाचल्यावर उशीर होईल अशी मला भीती वाटत होती. मी सगळं सांगितलं. पाहुणे येणार होते, टीव्ही शिंप्याचा होता, पंखा माझा होता, घरात दोन वेळचं जेवण नव्हतं, भाऊंनी पाहुण्यांसमोर नाही ते सांगितलं आणि माहीत असूनही मी ते लिहिलं. काहीही गाळलं नाही, मास्तरणीच्या स्वच्छ उच्चारात सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग मॅडम, कुकरबी उसना होता का?" आणि सभा हसली.

ग्रामसेवक तरुण पोरगा, त्याला काही उमजेना. "मॅडम, ती यादी कधीचीच बाद झाली. आता नवी हाय. अन् आजीचं नाव हाय ना यादीत, हे पाहा, आठवं." त्यानं कागद वळवून दाखवला.

मी बसले. जावई उठला. त्यानं कागदांची पिशवी सासूच्या पुढ्यात ठेवली, कोणाकडे न पाहता बाहेर गेला आणि गाडी सुरू केली. वहिनींनी पदर कपाळावर ओढून घेतला आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही.

आठ दिवसांनी वहिनींना पोरीचा फोन आला असं मला गल्लीतूनच कळलं. सासू तोंडावर बोलली होती, उसनवारीच्या घरची, म्हणून. पोरीची स्वतःची मुलगी आता लग्नाला आली आहे, आणि तिला पाहायला येणार होते ते स्थळही कोणीतरी मधेच थांबवलं होतं. वहिनींकडे जायचा धीर मला काही महिन्यांनी झाला. त्या घराच्या पायाच्या खड्ड्याशी उभ्या होत्या. घरकुलाचं खोदणं सुरू झालं होतं. मी काय बोलणार ते ठरवून गेले होते, पण त्याच आधी बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"त्याईनं तुम्हाले काय म्हनलं होतं ते मले माहीत होतं, मॅडम. घरी येऊन सांगलं त्याईनं मले. म्हने, मॅडम नाही म्हनल्या, जाऊ दे, पन पोरीच्या घरी समजाले नाही पाह्यजे. वीस वर्सं आम्ही पोटाले चिमटा घेऊन सांभाळलं ते. ते गेल्यावर मी एकटीनं सांभाळलं. तुम्हाले तुमच्या मनातलं तेवढं नाही सांभाळता आलं?"

दोन शब्द होते. माझं चुकलं. खड्ड्याच्या पलीकडे त्या होत्या, अलीकडे मी, तिसरं कोणी ऐकायला नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं ते हे, "पण वहिनी, मी खरं तेच सांगितलं ना?"

त्यांनी पदर खोचला आणि मातीचं घमेलं उचललं.

"हो मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमचं कधी चुकते?"